पैनगंगेचे दगड आणि काचपेटीतील मासे

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या बोर्डिंगातील मुलांनी एक हट्ट धरला. आदिलाबाद शहरात कोणाच्या तरी घरी त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे पाहिले होते, आणि तशीच एक पेटी आपल्या अभ्यासाच्या खोलीत असावी असे त्यांच्या मनाने घेतले. आम्ही आधी नाहीच म्हटले. परंतु एका सद्गृहस्थांनी आपल्या घरी पडून असलेली जुनी पेटी आणून दिली, आणि मग नकार देण्यास कारण उरले नाही. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच; काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर पाणी मावणारी. नागपुराहून कोणी येत होते, त्यांजकडून आठ निऑन टेट्रा मागविले. निळ्या-तांबड्या रेघेचे हे इवलेसे मासे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले.

मुलांनी रविवारी पैनगंगेच्या वाळवंटात जाऊन टोपलीभर गोटे आणले. किती सुंदर होते ते! काही काळेभोर, काही राखी, काही गुलाबी छटेचे, त्यांवर पातळ पट्टे. पेटीत त्यांची गुहा रचली. पाणी कोणते घालावे हा प्रश्न निघाला तेव्हा तो आम्हीच सोडविला. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरतो, तेव्हा देवळाच्या छपरावरून टाकीत साठविलेले पावसाचे निर्मळ पाणीच घालावे, असे आम्ही मोठ्या जाणतेपणाने सांगितले.

तेरा दिवसांत आठही मासे मेले.

माशांना खाणे घालण्याचे काम एका धाकट्या मुलाकडे होते. इतर मुलांनी सरळ त्याच्यावर ठपका ठेवला: यानेच जास्त खाऊ घातले. आम्हीही चौकशी न करता त्याला चार शब्द सुनावले. मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवणालाही आला नाही, असे दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींनी आमच्या कानावर घातले.

पुढील शनिवारी आमच्या ओळखीचे एक शिक्षक आले. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवितात. त्यांनी आपल्यापाशी असलेल्या औषधाचे थेंब पेटीतल्या पाण्यात टाकून त्याचा सामू पाहिला. शेतकरी वाचकांस हा शब्द माती-परीक्षणाच्या कागदावरून परिचित असेल. सामू ७ म्हणजे पाणी ना आंबट ना खारट. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. छपराच्या टाकीतील पाण्याचा सामू साडेसहाच्या आसपास निघाला, आणि पेटीतल्या पाण्याचा ८.२. पाणी तेच होते. मध्ये काय घडले? मास्तरांनी बाहीत हात घालून पेटीतला एक गुलाबी गोटा बाहेर काढला, सुरीने त्यावर ओरखडा काढला, भुकटीवर लिंबाचा रस पिळला. भुकटी फसफसली.

आता आपल्या जिल्ह्याच्या दगडांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथेच सारे रहस्य आहे. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. तेथून आदिलाबादच्या सीमेपर्यंत येताना ती मैलोगणती काळ्या पाषाणावरून वाहते. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून थंड झालेला लाव्हारस. शास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. नांदेड-यवतमाळच्या सीमेवर सहस्रकुंडाचा धबधबा ज्यांनी पाहिला असेल त्यांस हा खडक डोळ्यांपुढे आणावयास अडचण पडू नये. परंतु आदिलाबादजवळ या लाव्हाच्या आवरणाखालून फार प्राचीन असा चुनखडक वर डोकावतो. त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास मानतात, व या सर्व थरांना नदीच्याच नावावरून पैनगंगा गट असे नाव पडले आहे. राखी, गुलाबी, काळसर असे त्याचे अनेक रंग. सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने आदिलाबादेस कारखाना काढला तो याच खडकाच्या भरवशावर. गेल्या शतकाच्या अखेरीस तो बंद पडला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यात गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले तेही चुनखडकामुळेच.

म्हणजे आपल्या वाळवंटात दोन अगदी भिन्न कुळींचे गोटे शेजारी शेजारी पडलेले असतात. एक दुरून वाहत आलेला काळा पाषाण, दुसरा येथलाच चुनखडक. नदीने दोघांनाही सारखेच गुळगुळीत केलेले. रंगावरून ओळखावे तर चुनखडकही काळा असू शकतो. आमची मुले फसली यात नवल नाही. आम्हीही फसलो, आणि आम्ही तर शाळेत रसायन शिकलेलो.

चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते अधिक हावरेपणाने विरघळवून घेते. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना आधीच भरपूर आहे. त्या पाण्यात याच दगडांनी एवढा फरक केला नसता. आमच्या निर्मळ पाण्याच्या हट्टानेच दगडाला मोकळे रान मिळाले, हे मास्तरांनी हसत हसत सांगितले. आम्हांस मात्र हसू आले नाही.

तरी नुसत्या चुन्याने मासा मरत नाही. वाचकांनी येथे जरा बारकाईने लक्ष द्यावे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. जुन्या, मुरलेल्या पेटीत सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर करून टाकतात. पण नव्या पेटीत हे जंतू वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांनी असतो, एक बरेचसे निरुपद्रवी व दुसरे विषारी. पाण्याची उष्णता २५ अंश असता सामू ७ असेल तर विषारी रूप शेकडा सुमारे अर्धा भरते. सामू ८ झाला की तेच शेकडा पाचांवर जाते. सामू ९ वर गेला तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणजे साचलेला अमोनिया तेवढाच, पण दगडाने सामू चढविला आणि त्याचे विष दहापटीने वाढले. त्यात हे मासे आम्ल व मऊ पाण्यात नांदणारे. दगडाने व नव्या पेटीने मिळून त्यांचा घात केला. खाऊ घालणाऱ्या मुलाने रोज फक्त चिमूटभर खाद्य घातले होते. डबा जवळजवळ भरलेलाच होता, आणि तो उघडून पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

आम्ही त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. त्याने एवढेच विचारले, “फादर, मग आता दगड टाकून द्यायचे का?”

टाकून द्यावयाचे नाहीत, निवडावयाचे, असे ठरले. आणि येथून आमचे खरे शिक्षण सुरू झाले.

पहिली परीक्षा सुरीची. चुनखडकावर लोखंडी सुरीने सहज ओरखडा उठतो. गारगोटीवर उठत नाही. उलट गारगोटीच काचेवर ओरखडा काढते. दुसरी परीक्षा आंबट रसाची. ओरखड्याने निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे व कान जवळ नेऊन पाहावे. फसफस ऐकू आली किंवा बारीक बुडबुडे दिसले तर चुना आहे. दगडाच्या गुळगुळीत पाठीवर नुसते दोन थेंब टाकून हा दगड निर्दोष असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण लिंबाचे आम्ल दुबळे आहे. काही चुनखडक त्याला दाद देत नाहीत. म्हणून भुकटी करणे आवश्यक. काही लोक संडास साफ करण्याचे ॲसिड वापरतात. त्याने निकाल झटपट लागतो हे खरे, तथापि त्याची वाफ नाकाला व डोळ्यांना जाळते, आणि ते जर कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. मुलांच्या हाती ही बाटली देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काळ्या पाषाणाच्या बाबतीत एक गंमत सांगितली पाहिजे. लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या व कालांतराने त्यांत पांढरी स्फटिके भरली. त्यांतील काही चुन्याची असतात, काही नसतात, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच वाटतात. आमच्या मुलांनी एका काळ्या गोट्यावरील पाच पांढऱ्या ठिपक्यांची परीक्षा घेतली. दोन फसफसले, तीन गप्प राहिले. असा दगड आम्ही बाजूला ठेवला. काळ्या मातीच्या शेतात सापडणारे पांढरट खडबडीत खडे तर निखळ चुन्याचेच. त्यांची परीक्षाही नको.

सर्वांत खात्रीची परीक्षा मात्र दोन बादल्यांची. दोन्ही बादल्यांत एकच पाणी भरावे, एकीत दगड टाकावे, दुसरी तशीच ठेवावी, आणि दोन आठवड्यांनी दोन्हींचा सामू पाहावा. सामू पाहण्याच्या पट्ट्या शहरात मिळतात. फरक पडला नाही तर दगड पेटीत जाण्यास पात्र. यात वेळ जातो. मुलांना तो फार वाटला. आम्हांस आठ मेलेल्या माशांपुढे दोन आठवडे थोडे वाटले.

चुना एवढाच काय तो धोका नव्हे. आदिलाबादच्या याच चुनखडकाच्या थरांत मँगनीजचे खनिजही आहे. हाताला काळे लावणारा, आकाराच्या मानाने फार जड दगड आढळला तर तो पेटीत नको. हिरवा-निळा डाग असेल तर तांब्याची शंका घ्यावी; तांबे अत्यल्प असले तरी गोगलगाई व कोळंबीसारख्या जीवांना मारक ठरते. सोन्यासारखी चकाकणारी ठिकरी म्हणजे बहुधा लोखंड व गंधकाचे संयुग. गोदावरीच्या बाजूला कोळशाच्या खाणींजवळील दगडांत ते असते, तेही नको. नुसता तांबूस गंज सहसा अपाय करीत नाही.

आणि दगड कोठून उचलला हेही पाहावे. आपला जिल्हा कापसाचा. कापसावर किती फवारण्या होतात हे वाचकांस आम्ही काय सांगावे! शेताच्या बांधावरचा, शेतातील पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यातला, किंवा फवारणीचा पंप धुतात त्या जागेचा दगड कितीही देखणा असला तरी हात लावू नये. सच्छिद्र दगड असली औषधे पोटात धरून ठेवतो. रस्त्याकडेला डांबर व तेल सांडलेल्या जागेचे दगडही तसेच. नदीच्या मध्यावरील कोरड्या वाळूत पडलेला गोटा त्यातल्या त्यात बरा. पाण्यात बुडालेला दगड उचलू नये. त्याच्याखाली कीटक व माशांची अंडी असतात.

कुंटाला धबधब्याहून दगड आणण्याची कल्पना मुलांनी काढली तेव्हा आम्ही ती तत्काळ मोडली. कडेम नदीवरील तो धबधबा रम्य आहे, पण तेथील डोह व निसरडे खडक यांनी अनेक तरुणांचे प्राण घेतले आहेत. शिवाय कायद्याच्या दृष्टीने जंगलातील दगडसुद्धा वनोपजात मोडतो, आणि कव्वाल तर २०१२ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथून खडाही उचलू नये.

झाडाखाली शेंदूर फासून ठेवलेल्या दगडाबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी मुले ती मुलेच. आपले गोंड बांधव व इतर शेजारी त्यास देव मानतात. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेस किती दुरून लोक येतात ते आपण पाहतोच. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानास हात लावणे हे आपल्याला शोभत नाही. आणि त्या शेंदरात शिसे किंवा पारा असतो, हे त्यानंतर.

दगड स्वच्छ करण्याच्या बाबतीत तर आमच्या घरी मोठाच अनर्थ टळला. दगड उकळून घ्यावे म्हणजे निर्जंतुक होतात, असे कोणी तरी मुलांना सांगितले. त्यांनी मावशींना गळ घातली. मावशींनी पातेल्यात पाणी घालण्याऐवजी, दगडच तर आहे, भाकरी भाजते तशी भाजून घेऊ, असा विचार करून एक मोठा गोटा सरळ चुलीत सारला. पाव तासाने बंदुकीसारखा आवाज झाला. आम्ही कार्यालयातून धावत गेलो. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, “फादर, दगड फुटला हो!” एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. एक कपची त्यांच्या कानाजवळून जाऊन समोरच्या पत्र्यात रुतली होती. चार बोटे इकडे आली असती तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो.

कारण सोपे आहे. नदीतल्या गोट्याच्या भेगांत पाणी मुरलेले असते. आच लागली की त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडण्यास वाट नसते, आणि दगड फुटतो. चुलीत, भट्टीत किंवा ओव्हनमध्ये दगड कधीही घालू नये. पातेल्यात उकळणेही टाळावे हेच उत्तम. काथ्याच्या ब्रशने खसाखसा घासावे, पाणी चार-पाच वेळा बदलावे, मग दगड अंगणात फरशीवर मांडून दुरूनच त्यावर गरम पाणी ओतावे. साबण वापरू नये. तो छिद्रांत राहतो व पाण्यात गेल्यावर माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. शेवटी ऊन. आदिलाबादच्या मे महिन्याच्या उन्हाबद्दल आपण एरवी तक्रार करतो, पण दोन-तीन आठवडे त्या उन्हात तापलेल्या दगडावर गोगलगाईची अंडी वा शेवाळ जिवंत राहणे कठीण.

पेटीत दगड मांडतानाही मुलांची घाई नडते. काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. काचेवर तो नेमका टोकावर टेकला तर सारा भार एका बिंदूवर येतो व तळ तडकतो. म्हणून तळाशी प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पातळ पत्रा घालून त्यावर मोठे दगड आधी बसवावे, आणि वाळू नंतर सभोवार भरावी. वाळूवर दगड रचले तर मासे खालची वाळू उकरतात व दगड एके रात्री काचेवर कोसळतो. एकावर एक रचलेले दगड हाताने हलवून पाहावे. हलले तर पाण्यातही हलतील. धारदार कडा कानशीने मारून घ्याव्या.

येवढे वाचून कोणी म्हणेल की चुनखडक म्हणजे माशांचा शत्रू. तसे मुळीच नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी अल्कच आहे, व तेथील रंगीबेरंगी सिक्लिड मासे खडकांच्या कपारींतच संसार थाटतात. त्यांच्या पेटीत लोक मुद्दाम चुनखडक घालतात. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात ते गप्पी मासे घ्या, किंवा मॉली घ्या. यांना चुन्याचे जड पाणी मानवते. मुलांनी आधी मासा निवडला, मग पाणी, मग दगड. आमच्या गावी हा क्रम उलटा असावयास हवा होता: घरचे पाणी कसे आहे ते आधी पाहावे, आणि त्यात सुखाने राहील असाच मासा आणावा. ॲमेझॉनचा मासा पैनगंगेच्या काठी आणून त्यासाठी आभाळातून पाणी गोळा करण्याचा खटाटोप करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

पेटी आता पुन्हा भरली आहे. पाणी बोअरचेच, मात्र पाच आठवडे ती मुरत ठेवली, आणि त्या काळात माशांऐवजी चिमूटभर खाद्यच टाकून जंतू वाढविले. दगडांपैकी सहा काळे व दोन गारगोट्या बादलीच्या परीक्षेत उतरल्या. मे महिन्यात त्या वाळविल्या, जूनमध्ये मांडल्या. गप्पी मासे मास्तरांनी आपल्या हौदातून आणून दिले; पाच होते, आता किती आहेत ते पिलांमुळे मोजता येत नाही. खाऊ घालण्याचे काम त्याच धाकट्या मुलाकडे आहे. दर शनिवारी तो सामूची पट्टी बुडवितो व आकडा भिंतीवरच्या वहीत लिहितो. गुलाबी गोटा त्याने टाकू दिला नाही. तो आमच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो, आणि सुरीचा तो ओरखडा अजून दिसतो.